चिनीतले मोठेबाबा

प्रश्न : ताई, मी यवतमाळकडच्या खेड्यातून मोबाईलवर चिनी शिकून रायलो, पण नात्यांचे शब्द ध्यानातच राहत नाहीत. काय करू जी?

उत्तर : अरे भाऊ, तुले तर हे सोपं जाईन, कारण बापाचा मोठा भाऊ मोठेबाबा अन् लहाना तो काका हा फरक आपण रोजच करतो, चिनीतबी तसंच हाये, मोठा तो बोबो, लहाना शूशू. मामा ज्यौज्यौ, आत्या गूगू. आजीपण दोन, बापाकडची नायनाय अन् आईकडची वायफो, उत्तर चीनमध्ये तिलेच लाओलाओ म्हणतात.

भावंडांवर मात्र जास्त मेहनत घे. मोठा भाऊ गेगे, लहाना दीदी (हो, दीदी म्हणजे लहान भाऊ!), मोठी बहीण ज्येज्ये, लहानी मेइमेइ. सूर चुकवू नको, आईच्या 'मा'चा सूर बदलला की घोडा होते.

चुलत-मामे नंतर शिक. काकाची पोरं 'थांग' लावून, आत्या-मामा-मावशीची 'ब्याओ' लावून, एवढं सध्या पुरे. तिकडे 1980 ते 2015 एकच मूल धोरण होतं, त्यामुळे शहरातल्या बऱ्याच पोरांना सख्खं भावंडच नाही, मग चुलत-मामेभावालेच गेगे म्हणतात. घरातल्या एकेका माणसाले रोज त्याच्या चिनी नात्यानं हाक मार, पटकन बसते.