‘मणापासून आभार’ असं का होतं?

प्रश्न: पुढच्या महिन्यात बँकेतून निवृत्त होतोय, निरोपाला बोलावं लागेल. घरी आम्ही ‘पानी’, ‘आनि’ म्हणतो. माईकसमोर जपून बोलायला गेलो की ‘मणापासून आभार’ निघतं आणि मागच्या रांगेत खसखस पिकते. काय करू?
– एक वाचक, नांदेड

उत्तर: ‘पानी’वर हसणारे थोडे; ‘मणा’वर सगळेच हसतात. शाळेपासून ‘न’ खेडवळ ठरलेला, म्हणून धास्तीपोटी माणूस दिसेल त्या ‘न’चा ‘ण’ करतो. हे मराठीपुरतं नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीतला स्वरानंतरचा ‘र’ कोण किती उच्चारतो ते मोजलं. तिथे हा ‘र’ उच्चारणं प्रतिष्ठेचं मानलं जायचं. कनिष्ठ मध्यमवर्ग गप्पांत तो बहुतेक गाळायचा. शब्दांची यादी वाचायला दिली की मात्र वरच्या वर्गापेक्षाही जास्त उच्चारायचा.

भाषण लिहून काढा आणि फक्त ‘ण’वर खूण करा. मराठी शब्द ‘ण’ने सुरू होत नाही, त्यामुळे नमस्कार, निरोप, निवृत्ती निर्धास्त म्हणा. संस्कृत शब्दांत र, ष, ऋ यांच्यानंतर बहुधा ‘ण’ येतो: स्मरण, भाषण, ऋण. (दर्शन, प्रार्थना यांत तो येत नाही, तिथे फसू नका.) आणि, पण, आपण, म्हणून हे पाठच करायचे. ‘न’ला जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं, ‘ण’ला ते मागे वळून टाळूला लागतं. मन–मण, खून–खूण, तन–तण अशा जोड्या मोठ्यानं म्हणून बघा.

‘संधी भेटली’ हेही ऐकणाऱ्याला खटकतं. प्रमाण मराठीत माणूस भेटतो, संधी मिळते. तुमच्या भागात दोन्हीला ‘भेटणं’ चालतं, त्यात चूक काही नाही. सभेत कोणती मराठी वापरायची ते तुम्ही ठरवा.

आमच्या मते, खरी चुगली जड शब्द करतात. ज्याला आपल्या भाषेची खात्री आहे तो खुशाल ‘लई बरं वाटलं’ म्हणतो, वर एखादं ‘ॲक्च्युअली’ पेरतो. ज्याला नाही तो ‘या ठिकाणी मी आपणा सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार व्यक्त करतो’ला धरून बसतो. तुमच्या कागदावरचे सगळे ‘या ठिकाणी’ खोडा. एकाही वाक्याचा अर्थ बदलणार नाही.

प्रश्न: भाषणात ‘झाले’ म्हणावं की ‘झालं’?

उत्तर: ‘झालं’. ‘मला समाधान झाले’ हे धडा वाचल्यासारखं वाटतं. कागदावरही ‘झालं, केलं, माझं’ असंच टिंब देऊन लिहा, नाहीतर ऐन वेळी डोळा ‘झाले’च वाचतो.