स्वीडनला निघताय? एक शब्द पक्का करून या

नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन महिन्यांत गोथेनबर्गला निघायचंय, सोबत चार वर्षांची मुलगी आहे, आणि ‘ऑफिसात इंग्रजी चालतं, मग स्वीडिश शिकायची कशाला,’ असं तुम्ही विचारलंत. ऑफिसात चालतं, खरंय. पण मुलगी बालवाडीत जाणार, आणि तिथली प्रत्येक चिठ्ठी स्वीडिशमध्ये. म्हणून निघण्याआधी एक नाम पक्कं करा: ‘बार्न’, म्हणजे मूल.

लिहितात ‘बार्न’, पण गोथेनबर्गला र आणि न मिसळून चक्क आपला ण होतो. ‘बाण’ म्हणा, लगेच कळेल. दक्षिणेला माल्मो शहराकडे र घशातून काढतात, तिथे हा ण ऐकू येणार नाही.

शब्द तसा लांबचाही नाही. संस्कृतातला भृ धातू, ज्यातून आपला ‘भार’ आला, त्याच मुळाचा हा. आपल्या भ-च्या जागी तिकडे ब येतो: भ्राता तसा ‘ब्रूर’. ‘बेरा’ म्हणजे वाहणे, आणि ‘बार्न’ म्हणजे पोटात वाहिलेलं. लिंगही आपल्यासारखंच, नपुंसक: ते मूल.

आता रूपं. ‘एत बार्न’ एक मूल. ठरावीक मूल असेल तर प्रत्यय आपल्यासारखाच शेवटी चिकटतो: ‘बार्नेत’. दोन मुलं म्हणजे ‘त्वो बार्न’, शब्द बदलत नाही. आणि ‘ती सगळी मुलं’ म्हणजे ‘बार्नेन’. इथे नीट लक्ष द्या, कारण शेवटचा हाच ‘एन’ दुसऱ्या शब्दांत एकवचन दाखवतो: ‘बील’ म्हणजे गाडी, आणि ‘बीलेन’ मात्र ती एकच गाडी. माझ्या पहिल्या हिवाळ्यात बालवाडीच्या दारावर चिठ्ठी होती, ‘बार्नेन’ना उद्या जादा हातमोजे द्या. मी एकवचन समजले, दुसऱ्या कुणाच्या मुलाबद्दल असेल म्हणून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी न्यायला गेले तर माझ्या लेकाची बोटं ओल्या लोकरीत लालभडक झालेली. ते अजून मनातून जात नाही.

डेन्मार्कला फिरायला गेलात तर अनेकवचनात ‘आ’ जाऊन ओठ गोल करून काढलेला स्वर ऐकाल. आइसलँडमध्येही तसंच. फार पूर्वी या अनेकवचनाच्या शेवटी उ होता. त्याने आधीच्या स्वराला आपल्याकडे ओढलं आणि स्वतः गळून गेला. स्वीडिशमध्ये ती खूण राहिली नाही.

जुनी षष्ठी मात्र एका जागी टिकलीय. मुलीला लसीसाठी न्याल त्या केंद्राला सगळे ‘बेवेसे’ म्हणतात. पूर्ण नावाची सुरुवात ‘बार्ना’ने होते, म्हणजे ‘मुलांचं’. आइसलँडमध्ये आजही ‘मुलांचा’ म्हणायला हेच रूप वापरतात. ‘बार्नबिद्राग’ म्हणजे मुलामागे दरमहा मिळणारे १२५० क्रोनर, आणि ‘बार्नबार्न’ म्हणजे नातवंड. तुमचे आईबाबा भेटीला येतील तेव्हा हा शब्द त्यांनाही शिकवून ठेवा.

ओळख क्रमांक मिळाला की नगरपालिकेच्या मोफत स्वीडिश वर्गात त्याच आठवड्यात नाव घाला.