पक्षाच्या नावातला ‘ख्रिश्चन’ आणि घरातला दबाव

प्रश्न : मुलगी बी.ए. राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षी ७१ टक्के. तिला जर्मनीत एम.ए. करून ‘जगभरातले ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्ष’ या विषयावर प्रबंध लिहायचा आहे. नातेवाईक विचारतात, धर्म बदलायचाय का? मी तिचा जर्मनचा क्लास बंद करून यूपीएससीच्या क्लासची फी भरली आहे. तिला चार शब्द सांगा. – एक पालक, नाशिक

उत्तर : चार शब्द तुम्हालाच सांगायचे आहेत. तुमच्या पत्रात नातेवाईक काय म्हणतात ते आहे, तुम्ही काय केलंत तेही आहे. मुलगी काय म्हणाली ते कुठेच नाही. ७१ टक्क्यांची मला चिंता नाही. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीचा क्लास तिला न विचारता बंद होतो, याची आहे. भाषा मध्येच सोडली की लवकर विसरते, आणि या विषयात भाषा हीच खरी शिदोरी.

आता नावाबद्दल. हे पक्ष म्हणजे चर्चची राजकीय शाखा, हा समज चुकीचा आहे. जर्मनीत १८७० पासून ‘झेंट्रुम’ हा कॅथलिकांचा पक्ष होता. १९४५ नंतर सीडीयू (ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन) उभा राहिला तो कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांना एका पक्षात आणण्यासाठी. सदस्य व्हायला ख्रिस्ती असावं लागत नाही. आयगुल ओझकान या तुर्की वंशाच्या मुस्लिम बाई २०१० मध्ये याच पक्षातर्फे लोअर सॅक्सनी राज्यात मंत्री झाल्या. सरकारी शाळेत क्रूस नको, असं त्या म्हणाल्या तेव्हा पक्षातच गदारोळ झाला आणि त्यांना माघार घ्यावी लागली. या पक्षांतली ओढाताण अशी आहे. चर्चचा प्रभाव नव्हताच, असंही मुलीने लिहू नये. इटलीत घटस्फोटाचा कायदा रद्द व्हावा म्हणून तिथला ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्ष चर्चसोबत १९७४ च्या सार्वमतात उतरला आणि हरला. सुमारे ५९ टक्के लोकांनी कायदा राखला. पण या विचाराचा कणा सामाजिक आणि आर्थिक आहे. कुटुंब, गाव, संस्था जे करू शकतात ते सरकारने हातात घेऊ नये. त्यांना जमत नसेल तेव्हा मात्र पाठीशी उभं राहावं. आर्थिक बाजूचं उदाहरण : पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर, सीडीयूचे कोनराड आडेनाउअर यांच्या सरकारने १९५१ मध्ये हजारावर कामगार असलेल्या कोळसा-पोलाद कंपन्यांत देखरेख मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांना दिल्या. संपाची धमकी होती म्हणून दिल्या, हेही खरं.

तिची चूक एकच : विषयाचा पसारा. ‘जगभरातले पक्ष’ एका प्रबंधात मावत नाहीत. नावावरून यादी केली तर ऑस्ट्रियाचा ‘पीपल्स पार्टी’ सुटेल, आणि तो याच परंपरेतला आहे. एक देश, एक प्रश्न घ्यावा. नेदरलँड्सचं पाहा. एक कॅथलिक आणि दोन प्रोटेस्टंट पक्षांनी १९७७ मध्ये एकत्र यादी देऊन १५० पैकी ४९ जागा मिळवल्या आणि १९८० मध्ये सीडीए म्हणून विलीन झाले. १९८९ ला ५४, १९९४ ला ३४, २०२३ ला ५. ही घसरण का झाली, एवढा प्रश्न प्रबंधाला पुरतो. पण त्यासाठी डच वाचता यायला हवी. तिने जर्मन धरली आहे, तर प्रश्न सीडीयूचाच निवडावा; त्या पक्षाची मूळ कागदपत्रं कोनराड आडेनाउअर फाउंडेशनच्या अभिलेखागारात आहेत आणि ती जर्मनमध्ये आहेत.

इथेच बरीच मुलं घसरतात. इंग्रजीतल्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतात, आयईएलटीएस देतात, आणि प्रबंधाच्या वेळी एकही मूळ कागद वाचता येत नाही. जर्मन माध्यमातल्या एम.ए.ला साधारण सी-१ ही भाषेची प्रगत पातळी लागते. एपीएस प्रमाणपत्राचा (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची जर्मन पडताळणी) अर्ज लवकर करा, त्याला वेळ लागतो. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठीचं खातं, ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, हा सप्टेंबर २०२४ पासूनचा आकडा. अर्जाआधी पुन्हा तपासा. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आपल्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. वर सांगितलेलं फाउंडेशन परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतं, तिथे गुणांसोबत सामाजिक कामही पाहतात. ते सीडीयूच्या जवळचं आहे, त्यामुळे तिने पक्षाच्या टीकाकारांनाही तितकंच वाचावं.

यूपीएससीला राज्यशास्त्र हा वैकल्पिक विषय आहेच. तो रस्ता एम.ए.नंतरही खुला राहील.

आज घरी गेल्यावर तिला विचारा, हा क्लास हवा आहे का. नको म्हणाली, तर पावतीवर फी परत मिळण्याची अट काय आहे ते पाहा आणि त्या पैशांतून जर्मनची पुढची पातळी भरा.