७० मिमीच्या दुर्बिणीतून शनी नुसता धुरकट गोळा का दिसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर इंदूरला रामबागेत, ७०/७०० ची नवी दुर्बीण, खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेलं. पण गच्चीवरून चंद्र सोडला तर धड काहीच दिसत नाही, शनी म्हणजे थरथरणारा धुरकट गोळा. दुर्बीण खराब निघाली का?

बहुतेक नाही. तुम्ही ४ मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं छोटं भिंग) आणि ३ पटीचं बार्लो भिंग (नेत्रिकेआधी बसवायचं, पट वाढवणारं) लावून बघत असणार. ती दोन्ही आधी खोक्यात परत ठेवा आणि २० मिमीची नेत्रिका लावा.

हिशोब सोपा आहे. मुख्य भिंगाचं नाभीय अंतर (भिंगापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं) ७०० मिमी, त्याला नेत्रिकेच्या आकड्यानं भागायचं. २० मिमीला ३५ पट, ४ मिमीला १७५, त्यावर बार्लो म्हणजे ५२५. गणितात खोट नाही, पण प्रकाश कुठून आणणार? काळोखात डोळ्याची बाहुली फार तर ७ मिमी उघडते. तुमचं भिंग ७० मिमीचं, म्हणजे डोळ्याच्या शंभरपट प्रकाश गोळा करतं. त्याहून जास्त नाही. ३५ वरून ५२५ वर गेलात की तोच प्रकाश २२५ पट क्षेत्रफळावर पसरतो. शिवाय ७० मिमीच्या भिंगाला साधारण १.७ विकलांपेक्षा जवळचे दोन बिंदू सुटे दाखवताच येत नाहीत (एका अंशात ३,६०० विकला). त्यापुढे मोठं केलं तर फक्त धूसरपणा मोठा होतो. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा. तुमच्यासाठी १४० पट ही शेवटची हद्द, तीही हवा अगदी शांत असेल तेव्हाच.

शनीला एवढं लागतही नाही. त्याच्या कड्यांची रुंदी आपल्याला साधारण ४० विकला दिसते. खोक्यात १२.५ मिमीची नेत्रिका असेल तर ५६ पट मिळतात, आणि तेवढ्यात कडी नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राहून थोडी मोठीच भरतात. मार्च २०२५ मध्ये ती आपल्याकडे काठ करून होती, म्हणून रेघेसारखी झाली होती; आता पुन्हा उघडत चालली आहेत.

आता थरथर. दिवसभर तापलेली स्लॅब सूर्यास्तानंतरही बराच वेळ ऊन हवा वर सोडते आणि तिच्यातून बघितलं की चित्र पाण्याखाली असल्यासारखं हलतं. माळव्याच्या रात्री थंड म्हणून नावाजलेल्या, तेव्हा थोडा धीर धरा: नऊ-साडेनऊनंतर बघा. दुर्बीण अर्धा तास आधी गच्चीवर काढून ठेवा, म्हणजे नळीच्या आतली हवाही निवते. शेजारच्या एसीच्या बाहेरच्या युनिटवरून किंवा खिडकीच्या काचेतून कधीच बघू नका. ग्रह क्षितिजापासून तीस अंश वर येऊ द्या. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते, म्हणजे तीन मुठी.

ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडू नका. खुर्चीवर बसून बघता येईल एवढीच उंची ठेवा आणि मधल्या ट्रेखाली दोन लिटरची पाण्याची बाटली टांगा. एवढ्यानं केवढा फरक पडतो ते लगेच कळेल.

फाइंडर (नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण) दिवसा जुळवा, किलोमीटरभर लांबच्या पाण्याच्या टाकीवर किंवा मोबाइल टॉवरवर. आधी २० मिमीतून टोक मध्यभागी आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर घ्या. रात्री पक्कं करायला ध्रुव उत्तम. इंदुरातून तो उत्तरेला सुमारे पावणेतेवीस अंशांवर, सव्वादोन मुठी वर, आणि जवळजवळ जागचा हलत नाही. बाकी आकाश पळतं: विषुववृत्ताजवळचा तारा ३५ पटीत साडेपाच मिनिटं टिकतो, १७५ पटीत जेमतेम मिनिटभर, आणि ५२५ पटीत पंचवीस सेकंदांच्या आत गेलेला असतो. म्हणून ‘आत्ता होता, कुठे गेला’ असं होतं.

नेत्रिका बदलली की फोकस नव्यानं करावा लागतो. तारा फुगत असेल तर चाक उलट फिरवा. तो सर्वांत बारीक टिंब होतो तिथे थांबा. टिंबच राहणार, कोणत्याही दुर्बिणीत ताऱ्याची थाळी होत नाही.

खोक्यात नेत्रिकेला लावायचा काळा ‘सन फिल्टर’ आला असेल तर तो आजच फोडून टाका. भिंगानं एकवटलेल्या उष्णतेत तो तडकतो आणि डोळा कायमचा जातो. सूर्य बघायचा तर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर, खास सूर्यासाठी बनवलेलाच हवा. मुलांना तर हे बजावूनच सांगा.

रामबागेच्या उजेडात चंद्र, गुरूचे चार चंद्र, शनी, कृत्तिका खुशाल बघा. चंद्र अष्टमीच्या आसपासचा घ्या. पौर्णिमेला सावल्या नसतात, त्यामुळे विवरं सपाट दिसतात. देवयानीतली दीर्घिका मात्र शहरातून फिकट डागच राहील. तिच्यासाठी शहराबाहेर चोरलच्या बाजूला जा आणि डोळे काळोखाला सरावेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं मोबाइल खिशात ठेवा.

दुर्बीण खरंच ठीक आहे का, याची परीक्षा सप्तर्षींवर घ्या; मार्च ते जून ते संध्याकाळी उत्तरेला उंच असतात. लग्नात अरुंधती दाखवतात ती वसिष्ठाशेजारी नुसत्या डोळ्यांना दिसते. पण वसिष्ठ स्वतःच जोडतारा आहे, दोघांत १४ विकलांचं अंतर. ५६ पटीत तो दोन स्वच्छ टिंबांत फुटला, तर भिंग उत्तम. शांत रात्री, निवलेल्या दुर्बिणीतही फुटला नाही, तर डायगोनल (नेत्रिकेआधीचा, प्रकाश वळवणारा आरशाचा तुकडा) काढून नेत्रिका सरळ नळीत बसवा. फोकस पुरेना झाला तर नेत्रिका थोडी बाहेर ओढून धरा. आता जोडी सुटी दिसली, तर दोष डायगोनलचा आहे, तेवढाच बदला. नवा घेण्याआधी नळीचं नेत्रिकेकडचं तोंड पट्टीनं मोजा: ३१.७ मिमी आहे की जुन्या मापाचं २४.५.