"आजीला मी गायब केलं"

मी मुलांची समुपदेशक. मे महिना लागला की ठाण्यातल्या आईवडिलांकडून एक प्रश्न हमखास येतो. मूल दिवसभर जादू-जादू खेळतं, पुठ्ठ्याच्या टोप्या करतं, मंत्र पुटपुटतं. त्याला हे सगळं खरंच वाटायला लागलं तर? घोडबंदर रोडवर राहणारी एक आई हीच काळजी घेऊन आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला अर्णव म्हणू.)

अर्णव साडेपाच वर्षांचा, जूनमध्ये पहिलीत जाणारा. सुट्टीत मोबाइल हातातून सुटावा म्हणून आईनेच त्याला जादूगार केलं होतं. हिराच्या झाडूच्या काड्या एकत्र बांधून छडी, टोकाला चंदेरी कागदाची चांदणी, अंगावर जुन्या ओढणीची झूल. खेळ छान रंगला होता. मग एका सकाळी त्याने छडी वॉशिंग मशीनच्या मागे टाकून दिली. तिचं नाव काढलं तरी रडायचा, रात्री दचकून उठायचा.

"मॅडम, हे खूळ मीच त्याच्या डोक्यात घातलं. सासूबाई म्हणतच होत्या, मुलांना खोटंनाटं शिकवू नका. आता बंदच करते सगळं."

"सासूबाई घरीच असतात का?" मी विचारलं.

ती जरा घुटमळली. त्यांच्या पायाला जखम झाली होती, साखर वाढल्यामुळे ती भरत नव्हती, म्हणून हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. अर्णवला मात्र आजी गावाला गेली असं सांगितलं होतं. उगाच घाबरेल म्हणून.

अर्णवला मी सतरंजीवर बसवलं आणि खडू-कागद पुढे ठेवले. वर्तमानपत्राची सुरळी करून छडीसारखी त्याच्याकडे सरकवली, तर त्याने हात मागे घेऊन पाठीशी लपवला. मी तो विषय सोडला. तो चित्र काढू लागला. घर, मम्मी, पप्पा, स्वतः. हॉलमध्ये एक पलंग, त्यावर कोणीच नाही.

"इथे कोण झोपतं रे?"

"आजी झोपायची."

बराच वेळ तो पलंगाचे पाय गिरवत राहिला. मग अगदी हळू विचारलं, "गायब केलेलं माणूस परत आणायचा मंत्र असतो का?"

हळूहळू उलगडा झाला. आजीने टीव्ही बंद केला, याला राग आला, याने छडी रोखली आणि ओरडला, "आजी, गायब हो!" दुसऱ्या दिवशी उठून पाहतो तर पलंग रिकामा.

स्वीस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी साधारण 2 ते 7 या वयातल्या विचारपद्धतीचं वर्णन करून ठेवलं आहे. या वयाला जग स्वतःभोवतीच फिरताना दिसतं. माझ्या मनात आलं आणि नंतर तसं घडलं, म्हणजे ते माझ्यामुळेच घडलं, असा हिशोब मूल मांडतं. घरातलं आजारपण असो, आईबाबांची भांडणं असोत, मोठी माणसं गप्प बसली की कारण मूल स्वतःच शोधतं, आणि फार वेळा दोष स्वतःकडे घेतं. छडी नसती तरी अर्णवला हेच वाटू शकलं असतं. "आजी मला नको" असं नुसतं मनात आलेलंही पुरतं.

म्हणून आईला मी आधी छडीबद्दल काहीच सांगितलं नाही. आजच्या आज खरं सांगा, म्हटलं. जखम, साखर, डॉक्टर, सगळं त्याला कळेल अशा शब्दांत. आणि हे वाक्य नक्की बोला: "तू रागावलास म्हणून आजी आजारी पडली नाही. रागावल्याने कोणी आजारी पडत नाही." संध्याकाळी वॉर्डमधून व्हिडिओ कॉल झाला. अर्णवचा पहिला प्रश्न होता, "आजी, तू गायब नाहीस ना?"

जादूचा खेळ बंद करू नका, उलट वाढवा, असं मी सुचवलं तेव्हा आई चकित झाली. पण जादू अशी निवडायची की ती मुलाच्या हातून घडावी आणि कशामुळे घडली हे त्याला दिसावं. पांढऱ्या मेणखडूने पांढऱ्या कागदावर चित्र काढायचं. काहीच दिसत नाही. वरून पातळ निळा जलरंग फिरवला की मेणावर पाणी ठरत नाही आणि चित्र उमटतं. अर्णवने आजीचा चष्मा काढला होता. रंग फिरवल्यावर तो ओरडला, "होताच तो! दिसत नव्हता फक्त!" हे वाक्य मी समजावून त्याच्या गळी उतरवू शकले नसते.

मग हळदीचं पाणी. चिमूटभर खायचा सोडा टाकला की लालसर, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. आजीने फोनवरूनच सांगितलं की हळदीचं कुंकूही असंच करतात, आणि त्या दिवसापासून खोट्यानाट्याची तक्रार थांबली. गोकर्णाच्या फुलांचं निळं पाणी लिंबाने जांभळं होतं, तेही त्यांनीच सुचवलं.

छडी बाहेर काढायची घाई करू नका, असंही सांगितलं होतं. तीही त्यानेच काढली. पंख्यावर रोखून "थांब!" म्हणाला. पंखा फिरतच राहिला. पुन्हा म्हणाला, मग स्टुलावर चढून बटण बंद केलं आणि खदखदून हसला. पुढे नियमही त्यानेच केला: छडी माणसांवर चालत नाही. खेळाच्या काल्पनिक जगात मूल नियम करतं आणि ते मनापासून पाळतं, असं सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव विगोत्स्की यांनी 1933 च्या व्याख्यानात मांडलं होतं. हे अनुभवताना मला दर वेळी आनंद होतो.

घरी हे खेळ करणार असाल तर हळदीसाठी चुना वापरू नका. डोळ्यात गेला तर इजा होते. लिंबाच्या रसाने लिहिलेली गुप्त अक्षरं तापवायची असतील तर इस्त्री मोठ्यांनीच धरायची. झूल गळ्याशी गाठ मारून बांधू नका, सहज सुटेल अशी ठेवा. उडायचा मंत्र म्हणणारं मूल असेल तर खिडकी-बाल्कनीला जाळी हवीच. इथे त्याच्या समजुतीवर विसंबू नका.

खेळातली भीती सहसा थोड्या दिवसांत ओसरते. ती आठवडाभराहून जास्त राहिली, झोप मोडू लागली, अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय परत सुरू झाली, तर समुपदेशकाला भेटा. आणि येताना आठवून या, घरात सध्या मुलापासून काय लपवलं जातंय.