दहा वर्षांचा लॅपटॉप: एसएसडी टाकू की नवा घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप 2015चा, इंटेलचा आय-थ्री प्रोसेसर पाचव्या पिढीचा, 4 जीबी रॅम, 1 टीबीची हार्ड डिस्क. चालू व्हायला सात-आठ मिनिटं, बॅटरी अर्धा तासही पुरत नाही. मुलगी यंदा बारावीला, पुढे इंजिनिअरिंगचा विचार. दुकानदार म्हणतो, "याच्यात पैसा घालू नका, नवा न्या." भाचा म्हणतो, "एसएसडी टाका मामा, पळेल." ऐकायचं कोणाचं?

भाच्याचं ऐका, पण मुलीसाठी नाही. घरच्या कामाला हाच लॅपटॉप एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी बिनफिरती डिस्क, टाकून वापरा. मुलीचा लॅपटॉप तिची ॲडमिशन पक्की झाल्यावर वेगळा बघा. हे एका दमात सांगितलं, पण त्याआधी एक काम करायचंय, आणि ते न करताच लोक पैसे घालून बसतात. मीही बसणार होतो.

मी धरणगावकडे एका जिनिंगमध्ये हिशेब बघतो. कॉम्प्युटर शिकलेला नाही, वापरून वापरून जे कळलं तेवढंच. ऑफिसात 2014चा एक लॅपटॉप आहे. दसऱ्यानंतर कापूस चालू झाला की जिनिंगच्या ऑफिसात काय असतं ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. टेबलावर, पावती पुस्तकात, चहाच्या कपात, सगळीकडे रुईचे तंतू. 2019च्या हंगामात तो लॅपटॉप इतका रखडायला लागला की टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक पावती टाकेपर्यंत बाहेर गाडीवाला दोनदा हॉर्न वाजवायचा. मालक म्हणाले, "जाऊ द्या, नवा घेऊन टाका." मी जळगावला जायच्या तयारीतच होतो.

त्याआधी ओळखीच्या एका पोराने सहज मागचं झाकण उघडलं. पंख्यातून हवा बाहेर पडते तिथे धातूच्या पातळ पट्ट्यांची एक जाळी असते. त्या जाळीवर रुईची गादी बसली होती. चिमट्याने ओढली तर अखंड निघाली, गोधडीतून कापलेल्या तुकड्यासारखी, करड्या रंगाची, बोटभर जाड. पंखा बिचारा फिरत होता, पण हवा जाणार कुठून? प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास तापला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. आम्ही त्याला म्हातारा म्हणत होतो आणि त्याचा नुसता श्वास कोंडला होता. गादी काढली, प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारी, पण वाळून भुकटी झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, तीनशे रुपये दिले. अर्धा आजार तिथेच गेला. मे महिन्यात जिथे पारा 44-45ला जातो तिथल्या लॅपटॉपची ही साफसफाई वर्ष-दोन वर्षांनी व्हायलाच हवी, कापूस असो नसो.

तर पहिलं काम हे, की मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप रखडलेला असताना त्यात बघा. डिस्कचा आकडा मिनिटंच्या मिनिटं शंभर टक्क्यांवर चिकटलेला असेल तर दोष हार्ड डिस्कचा. मेमरी नव्वदच्या पुढे असेल तर रॅम कमी पडतेय. काही विशेष चालू नसताना पंखा बोंबलतोय, तळ हाताला चटका देतोय, तर आधी साफसफाई. तुमच्या वर्णनावरून पहिली दोन्ही दुखणी असणार, यात मला शंका नाही.

हार्ड डिस्कने एवढं का अडावं? लॅपटॉपमधली साधी डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. वर वाचणारा दांडा इकडून तिकडे सरकायला आणखी वेळ. विंडोज चालू होताना एक मोठी फाइल वाचत नाही, हजारो बारीक बारीक फायली वाचते, आणि प्रत्येकीसाठी दांड्याला धावावं लागतं. जुना मुनीम एकेका नोंदीसाठी माळ्यावर चढून वेगळी वही काढतोय असं समजा. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिथे तीच नोंद मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात सापडते. म्हणून प्रोसेसर तोच राहूनही फरक डोळ्यांना दिसतो. आमचा लॅपटॉप चालू व्हायला सहा मिनिटं घ्यायचा, एसएसडी टाकल्यावर आता अर्धा मिनिट.

एसएसडी घेताना एक लक्षात ठेवा. तुमच्या मशीनमध्ये अडीच इंची, सॅटा जोडणीच्या डिस्कची जागा असणार, आणि त्या वाटेने सेकंदाला साधारण 550 एमबीच्या वर काही जात नाही. दुकानात 3500 एमबीवाली, एनव्हीएमई जातीची एसएसडी दाखवतील. ती या जागेत बसणारच नाही. ओळखीच्या ब्रँडची साधी 256 किंवा 512 जीबीची सॅटा एसएसडी पुरे.

रॅममध्ये मी स्वतः फसलोय. एका दुकानातून 4 जीबीची पट्टी आणली, घरी येऊन लावली, आणि स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण समोर काही नाही. दोन दिवस वाटत होतं मदरबोर्ड गेला. शेवटी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून लेबलं वाचली. जुनीवर 'पीसी3एल', नवीवर नुसतं 'पीसी3'. फरक त्या 'एल'चा. एलवाली पट्टी 1.35 व्होल्टवर चालते, साधी 1.5 वर, आणि चौथ्या-पाचव्या पिढीचे लॅपटॉपमधले कमी विजेचे प्रोसेसर फक्त एलवालीच घेतात. दुकानदार पट्टी परत घ्यायला तयार नव्हता, "सील फोडलं ना भो तुम्ही" म्हणाला. ती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तुम्ही जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या, आणि आत जागा एक आहे की दोन तेही बघून जा. काही मॉडेलांत एक रॅम बोर्डावरच डकवलेली असते.

भावाचं म्हणाल तर 2025च्या शेवटापासून रॅम सगळीकडेच महागली, कारखान्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळला म्हणून. तुमच्या लॅपटॉपला लागते ती डीडीआर3एल जातीची (लेबलवर 'पीसी3एल') पट्टी मात्र मोडीत निघालेल्या मशीनमधून काढलेली मिळते. रॅममध्ये फिरणारं काही नसतं, त्यामुळे जुनी घ्यायला मी कचरत नाही. फक्त तिथेच लावून, चालू करून बघा. आणि लॅपटॉप दुकानात ठेवून शेवभाजी खायला जाऊ नका. समोर उभे राहा.

बॅटरीला जपून. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत, इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून 'बॅटरीरिपोर्ट' असं टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. त्यात डिझाइन कॅपॅसिटी आणि फुल चार्ज कॅपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्याहून खाली असेल तर बॅटरी संपली म्हणा. घरी इन्व्हर्टर असेल आणि लॅपटॉप टेबलावरच राहणार असेल तर लगेच बदलायची गरज नाही. पण टॅलीसारखं काही चालवत असाल तर लाइट गेली की चालू काम अर्धवट तुटतं, तेव्हा बदलाच. स्वस्तातली डुप्लिकेट नको. भुसावळला बहिणीकडे तसलीच एक टाकली होती. पुढच्या उन्हाळ्यात टचपॅडचं बटण दाबलं जाईना. तिला वाटलं टचपॅड खराब. उघडून बघितलं तर बॅटरी पापडासारखी फुगून खालून टचपॅडला ढकलत होती. असं दिसलं तर चार्जिंग तिथेच बंद, टोचायची-दाबायची नाही, सरळ काढून घ्यायची.

आता दुकानदाराच्या बाजूनेही एक गोष्ट आहे, ती नाकारून चालणार नाही. विंडोज 10चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. घरगुती वापरासाठी ज्यादा सुरक्षा-अपडेटची मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची. विंडोज 11 अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते आणि तिला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. तुमचा पाचव्या पिढीचा त्यात बसत नाही. आडवाटेने टाकून देणारे भेटतील, पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणून एसएसडी टाकतानाच त्यावर विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली लिनक्स मिंट टाकून घ्या असं मी म्हणेन. ब्राउझर, यूट्यूब, पीडीएफ, मराठी टायपिंग, सातबारा काढणं, फॉर्म भरणं, सगळं होतं. टॅली होत नाही, म्हणून आमचा ऑफिसातला अजून विंडोज 10वरच आहे. त्यावर बँकेचं एकही काम मी करत नाही आणि कोणाला करूही देत नाही.

खर्च कुठे थांबवायचा? इथे लोक चुकीची तुलना करतात. दुरुस्तीचा खर्च पन्नास हजारांच्या नव्या लॅपटॉपशी ताडला तर कुठलीही दुरुस्ती स्वस्तच वाटणार. तेवढंच काम करणारा सेकंडहँड कितीला मिळतो त्याच्याशी ताडा. दुरुस्ती त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर गेली की मी हात आखडता घेतो. हा माझा हिशेब, शास्त्र नव्हे. एसएसडी आणि रॅम या बेरजेत निम्म्याच धरायच्या, कारण लॅपटॉप मेला तरी त्या काढून दुसरीकडे लावता येतात. बिजागरी तुटून बॉडी उकललीय, स्क्रीनवर रेघा येताहेत, चार्जिंगची पिन हलवून हलवून लावावी लागते, यातलं दोन एकत्र असेल तर फक्त डेटा काढून घ्या. मदरबोर्डचं काम निघालं तर विचारही करू नका.

मुलीचं बघू. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या पूर्ण होऊन शाखा ठरेपर्यंत काही घेऊ नका. कॉम्प्युटरला गेली तर रॅम जास्त हवी, 16 जीबी. मेकॅनिकलला गेली तर सॉलिडवर्क्ससारखी सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात, तेव्हा लिनक्सवाला जुना तिच्या उपयोगाचा नाही, आणि मॅकबुकही नाही. पहिल्या वर्षाला सगळ्यांचं बरचसं सारखंच असतं, ते बिनघोर निघतं. बजेट कमी असेल तर कंपन्यांमधून निघालेले रिफर्बिश्ड लॅपटॉप बघा. उदाहरणार्थ थिंकपॅड टी480: आठव्या पिढीचा बघून घेतला तर विंडोज 11 अधिकृत, आत रॅमच्या दोन जागा, शिवाय मागची एक बॅटरी स्क्रू न खोलता काढता येते. असलं मशीन शोरूममधल्या सर्वात स्वस्त नव्या लॅपटॉपपेक्षा मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण नव्यातल्या स्वस्तात बॉडी पत्र्याहून हलकी आणि रॅम बऱ्याचदा डकवलेली असते. फक्त घेताना बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या सेटिंगला, पासवर्ड नाही ना ते चालू करून बघा, कीबोर्डचं एकेक बटण दाबून बघा, आणि बॅटरीचा तो वरचा अहवाल तिथेच काढा.

एक राहिलं. एसएसडी टाकायला नेण्याआधी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तिच्यावर क्लोनिंगचा, म्हणजे अख्खी डिस्क उतरवण्याचा, भार टाकू नका, आधी हवं तेवढंच उचला. डिस्क धडधाकट निघाली तर यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून बॅकअपला ठेवा. दुकानदार "जुनी डिस्क आमच्याकडेच राहू द्या" म्हणाला तर देऊ नका, तुमच्या आधार-पॅनच्या प्रती आणि घरचे दहा वर्षांचे फोटो आहेत तिच्यात.