पंधरा हजारांत पहिलं धनुष्य कोणतं घ्यावं? क्रॉसबो घेऊ का?

तुमचा प्रश्न असा: दिंडोरीकडे शेत आहे, पंधरा हजार खर्चायची तयारी आहे, आजवर धनुष्य हातात धरलेलं नाही, आणि मक्यात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी क्रॉसबो, म्हणजे चाप दाबून सोडायचं आडवं धनुष्य, कोणता घ्यावा?

आधी डुकरांचं उरकतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानडुक्करही येतं आणि ससाही. बंदुकीने मारा, फाशात धरा की क्रॉसबोने, परवानगीविना मारलं तर ती शिकारच, आणि तिला तुरुंग आहे. पिकाचं नुकसान झालं तर वनविभागाकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या, भरपाई मागा. मारायची परवानगी द्यायची की नाही, तेही वनविभागच ठरवतो.

क्रॉसबो अमेरिकेत हरणाच्या शिकारीला वापरतात. त्याचा ताण दीडशे पौंडांच्या वर असतो, म्हणून कप्पीच्या दोरीने ओढतात. नवख्याला सोपा वाटतो, कारण ताणून धरायला लागत नाही, नुसता चाप दाबायचा. पण एकदा ताणला की बहुतेक वेळा उतरवायचा म्हणजे बाण मारूनच, आणि अंगठा दोरीच्या वाटेत राहिला तर अंगठ्याचं काही खरं नाही. मला विचाराल तर शिकण्यासारखं त्यात फार थोडं आहे.

नेम धरायचीच हौस असेल तर रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य घ्या, तेही सुटं होणारं, म्हणजे टेकडाउन. त्याच्या दोन पात्या, ज्यांना लिम्ब म्हणतात, बदलता येतात. आज हलक्या लावा, वर्षभराने जड. मधला दांडा तोच राहतो.

इथेच मी आपटलो. दुकानदाराने विचारलं, 'किती पौंड?', म्हणजे दोरी ओढायला किती जोर लागेल असं. रोज जिमला जातो या गुर्मीत मी म्हणालो, 'चाळीस.' मखमलाबादला मित्राच्या द्राक्षबागेच्या कडेला पहिल्या दिवशी ताणलं, तर हात असा थरथरायला लागला की बाणाचं टोक निशाणावर रांगोळी काढत होतं. तिसऱ्या दिवशी खांदा गेला. दीड महिना शेकत बसलो. मग 24 पौंडांच्या पात्या घेतल्या आणि तेव्हा कुठे शिकायला सुरुवात झाली. धडधाकट पुरुषालाही सुरुवातीला 20 ते 26 पौंड पुरे. दुकानात ताणून सावकाश पंधरा आकडे मोजा. दहाच्या आत हात कापला तर ते धनुष्य खाली ठेवा. पण दोरी ताणून बाणाविना सोडू नका, पाती तडकते. तशीच हळू परत आणा.

लांबीसाठी दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंच मोजा आणि अडीचने भागा. 70 इंच आले तर ओढ, म्हणजे दोरी मागे खेचायचं अंतर, 28 इंच, त्याला 68 इंचांचं धनुष्य बरं. बाण ओढीपेक्षा इंच-दोन इंच लांबच घ्या. आखूड बाण टेकणीवरून, म्हणजे धनुष्यावर बाण टेकवतात त्या जागेवरून, आत सरकला तर सुटताना तुमच्याच हातात घुसेल.

पंधरा हजारांतले निम्मेच धनुष्याला द्या. उरलेल्यात सहा-आठ बाण, दोरी ओढताना बोटं वाचवणारा टॅब, पुढच्या हाताला दोरी लागू नये म्हणून आर्मगार्ड आणि दोरी चढवायचा स्ट्रिंगर. निशाण विकत आणू नका. कांद्याच्या बारदानात जुन्या साड्या ठासून भरा, मागे मातीचा बांध असू द्या, आणि बागेत माणसं असतील तर त्या दिवशी धनुष्य बाहेर काढूच नका. माझा एक बाण बांधावरून उडून थेट मांडवाच्या तारांत अडकला होता. नशीब, दुपारची जेवणाची सुट्टी होती.

कंपाउंडचा, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याचा, मोह तूर्तास आवरा. साताऱ्याची अदिती स्वामी 2023 मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्येच जगज्जेती झाली हे खरं, पण चांगलं कंपाउंड या बजेटात बसत नाही. त्यापेक्षा बांबूचं धनुष्य बघा. स्वस्त असतं, आणि त्यासाठी इंडियन राउंड हा स्पर्धेचा वेगळा प्रकार आहे, 30 आणि 50 मीटरचा.

आणि पैसे देण्याआधी डोळा तपासा. दोन्ही तळहातांची खिडकी करून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला टाकी दिसत राहते, तो तुमचा नेमाचा डोळा. डावा निघाला तर डाव्या हाताने ओढायचं धनुष्य लागतं. आमच्या घरी बायकोचा डावा निघाला, आणि तिच्या धनुष्यासाठी तीन आठवडे थांबावं लागलं.